काकांची टाच

आमचे शेजारी सोनवणे काका कोणाच्याही घरी गेले की आधी नमस्कार वगैरे करत नाहीत. दारात बूट काढतात, मोजा घातलेली उजवी टाच हॉलमधल्या गालिच्यावर रोवतात आणि पुढे ढकलतात. गालिचा हलला की म्हणतात, "सरकतोय." मग बाकीची विचारपूस.

जॉन्सनव्हिलमध्ये एकाच उतारावर आम्ही चार मराठी कुटुंबं राहतो. जुनी लाकडी घरं, गुळगुळीत फळ्या, खालून येणारा गारठा, म्हणून प्रत्येकाकडे गालिचा असणारच. त्यात आपल्याला चपला दारात काढायची सवय आणि थंडीमुळे पायात लोकरीचे मोजे. काकांच्या मते इथे आपली माणसं पडतात ती एवढ्याच कारणाने. "किवी माणूस बुटासकट आत येतो, तो टिकतो. आपण संस्कारांमुळे घसरतो," हे त्यांचं लाडकं वाक्य.

काका नाशिकला पाटबंधारे खात्यात इंजिनीअर होते. निवृत्त झाल्यावर काकूंना घेऊन इथे मुलीकडे आले. धरणं संपली, गालिचे सुरू झाले. आमच्याकडे आधी त्यांनी गालिच्याखाली रबरी जाळी घातली. ती पुरेना, तेव्हा एक दिवस मी ऑफिसातून आले तर माझ्या योगा मॅटचे तुकडे गालिच्याच्या चारही कोपऱ्यांखाली गेले होते. नवऱ्याने वर त्यांना चहाही पाजला होता.

"तसंही तू योगा करत नव्हतीस, मेघना," काका म्हणाले. ते खरं होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आली. दर रविवारी तपासणी. टाच, "हं", आणि परत. माझा लेक त्यांना खिडकीतून बघूनच सांगतो, "मम्मा, रग आजोबा इज हिअर."

मागच्या महिन्यात घरमालकाचा एजंट घर बघायला येणार होता. फळ्यांवर चिकटपणा दिसला असता तर आमची धडगत नव्हती. मी गुडघ्यांवर बसून सगळी टेप खरवडून काढली, मॅटचे तुकडे कचऱ्यात टाकले. एजंट पाच मिनिटांत गेला. माझी कंबर तीन दिवस धरली होती.

त्याच आठवड्यात रविवारी लेकाचा वाढदिवस होता. शनिवारी काकांकडे आमंत्रण द्यायला गेले, आणि खरं सांगायचं तर एकदाचं सुनवायलाही. आता आमच्या गालिच्याला हात लावायचा नाही, असं वाटेत दोनदा घोकलं होतं.

त्यांच्या दाराच्या आत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. हॉलमध्ये एकही गालिचा नव्हता. नुसत्या उघड्या फळ्या. काकू भिंतीला धरून स्वयंपाकघरातून येत होत्या. पाय उचलत नव्हत्या, जमिनीवरून ओढत होत्या. वर्षभर त्या कुठे दिसल्या नव्हत्या, तर मला वाटलं होतं की त्यांना माणसांत मिसळायला आवडत नाही.

"एकीकडे गेलो होतो, तिथे सरकत्या गालिच्यात अडकून पडली," काका हळू आवाजात म्हणाले. "तेव्हापासून कुठेही यायला नाही म्हणते. माणसांची एवढी हौस तिला. लोकांना गालिचे काढा म्हणावं, तर कारण सांगावं लागतं. ते तिला नको आहे. म्हटलं, आपणच पक्के करून टाकू."

काकू माझ्यापर्यंत पोचल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

"उद्या येणार आहे मी. हे म्हणाले, तिन्ही घरांत तुझ्याकडचा पहिला पक्का झाला."

मला भयंकर लाज वाटली. सुनवायचं होतं ते सगळं गिळलं, नक्की या म्हटलं आणि तशीच दुकानात गेले. घरी येऊन नवऱ्याला गालिचा धरायला लावला आणि कडेकडेने नवी टेप लावली. पुढच्या वेळी एजंटला काय सांगायचं, असं नवरा विचारत होता.

मी मोजे घातले, उजवी टाच रोवली आणि ढकललं. डावा कोपरा किंचित हलला.

"सरकतोय," मी म्हणाले आणि पुन्हा खाली बसले.