थांबवलेल्या यमुनाबाई

यमुनाबाई टीव्हीवर दिसल्या आणि केशवरावांनी त्यांना तिथंच थांबवलं.

पुंडलिकनगरातल्या या घरात टीव्ही कॉम्प्युटरवर लागायचा. चालू कार्यक्रम थांबवून नंतर तिथूनच पुढं पाहायची सोय त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. स्थानिक वाहिनीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमात यमुनाबाईंची येसराची आमटी लागली, बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि नवऱ्यानं बटण दाबलं.

"अहो, बघू तरी द्या मला!"

"आधी अक्का. नैवेद्याआधी कुणी जेवतं का? रविवारी येतीय ती फुलंब्रीहून. जन्मभर नावं ठेवली तिनं तुझ्या स्वैपाकाला. बघू दे की आता!"

थोरल्या नणंदेनं एकदा तरी बरं म्हणावं, हे यमुनाबाईंच्याही मनात होतंच. त्यांनी रविवारपर्यंत धीर धरायचं ठरवलं.

आता यातली गोम अशी, की कार्यक्रम थांबला तरी सॉफ्टवेअर थांबत नाही. वाहिनीवर पुढं जे लागेल ते सगळं ते एका तात्पुरत्या फाइलीत भरत राहतं. बातम्या, भजनं, गुडघेदुखीचं तेल, सगळं यमुनाबाईंच्या मागं रांग लावून उभं राहिलं. दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर म्हणाला, जागा संपली. केशवरावांनी मन घट्ट करून स्वतःच्या निरोप समारंभाचे फोटो उडवले. संध्याकाळपर्यंत ती जागा तेलवाल्यानं खाल्ली. मग काश्मीरची सहल गेली. मग पुतण्याची मुंज. कॉम्प्युटरला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती.

शनिवारी लेक पुण्याहून आली. ही मृण्मयी, मोठी गुणाची पोरगी. केशवराव भाजी घेऊन परतले तर ती खुशीत होती.

"बाबा, कॉम्प्युटर पार गुदमरला होता की! तो टीव्ही बंद केला. एक भलीमोठी तात्पुरती फाइल होती, उडवून टाकली. आता बघा कसा पळतोय!"

केशवराव पिशवीसकट खाली बसले.

"अगं, त्यात तुझी आई होती!"

रविवारी अक्का आल्या. केशवरावांनी सुतकी चेहऱ्यानं पाणी पुढं केलं.

"अक्का, घात झाला. यमुनाचा कार्यक्रम तुला दाखवायचा होता, तो पुसला गेला."

"मला काय दाखवतो? लागला त्याच दिवशी पाहिला की मी! सगळी गल्ली बोलावली होती घरात." अक्कांनी भावजयीच्या पाठीवर हात ठेवला. "लई झकास केलीस गं. मला नाय जमत तशी आमटी. तुला कसं वाटलं स्वतःला बघून?"

अख्ख्या फुलंब्रीनं पाहिला होता. यमुनाबाईंनीच तेवढा पाहिला नव्हता.

अक्कांनी भावाकडं असं पाहिलं, की शरमेनं त्यांना मान वर करवेना.

"ऊठ त्या खुर्चीतून," त्या भावाला म्हणाल्या. बंद कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत त्यांनी यमुनाबाईंना बसवलं, आणि कार्यक्रम पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

यमुनाबाई जरा पुढं सरकल्या.

"अक्का, पदर नीट होता का हो माझा?"