ब्लँक दीदी

मेश्राम दीदी वाढदिवसाचा केक आधी हुंगतात, मग आणणाऱ्याची उलटतपासणी घेतात, आणि शेवटी खात नाहीत ते नाहीतच. कारण विचारलं की एकच उत्तर. "मी ब्लँक आहो."

पुरानी बस्तीतल्या त्यांच्या शेजारणींना वाटतं, बाई विसरभोळी आहे. खरी गोष्ट अशी, की दीदी आणि मी काम करतो त्या लॅबमध्ये लघवीतून दारूची खूण शोधतात. नशा उतरली तरी ही खूण काही दिवस मागे राहते. ती शोधण्याआधी यंत्राला एखाद्या निर्व्यसनी माणसाची लघवी दाखवावी लागते, म्हणजे 'काहीच नाही' कसं दिसतं ते ठरतं. तो नमुना म्हणजे ब्लँक, आणि आमचा ब्लँक दीदींचा. रोज सकाळी त्या आपली बाटली माझ्या टेबलावर ठेवतात, घरचं लोणचं आणल्यासारखी.

हे पद त्यांनी फारच मनावर घेतलंय. सॅनिटायझर नाही, खोकल्याचं औषध नाही, होमिओपॅथीचे थेंब नाहीत. एकदा मी मोहाच्या फुलांचे लाडू नेले. यात दारू नाही, नुसती फुलं आहेत, हे परोपरीनं सांगितलं. "हव, पन मले काहून देऊन राहिला?" म्हणत त्यांनी डबा पार टेबलाच्या टोकाला सरकवला. या बाईनं डोक्याला ताप आणलाय, असं मी घरी रोज सांगायचो.

गेल्या महिन्यात एका सकाळी मात्र दीदी यंत्राजवळ फिरकेनात. त्यांचा धाकटा भाऊ सिलतऱ्याच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. दारूपायी त्याला घरी बसवलं होतं. व्यसनमुक्ती केंद्रातून तो परतला होता आणि त्याच दिवशी त्याचा नमुना आमच्याकडे आला होता. खूण निघाली तर नोकरी कायमची जाणार होती. मी हात नाही लावत, तूच लाव, असं सांगून त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

आधी दीदींचा ब्लँक लावला. पडद्यावरची रेघ सपाट, म्हणजे काहीच नाही. मग भावाचा नमुना. खूण उमटते त्या जागेवर मी डोळे लावून बसलो. रेघ सपाटच राहिली. पुन्हा लावून पाहिला, तेच. मला इतकं हलकं वाटलं की हातमोजे न काढताच बाहेर धावत जाऊन सांगितलं.

दीदींनी बराच वेळ चष्मा पुसला. "आई गेल्यावर आमी दोघंच," त्या म्हणाल्या. "तो पेऊन यायचा तवा मले वाटे, घरात एक जन तं कोरा पाहिजे."

दुसऱ्या दिवशी बाटली नेहमीसारखीच टेबलावर आली, पण दीदींची नव्हती.

"आता आमचा भाऊ ब्लँक," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "ते मोहाचे लाडू आनशील का रे पुन्हा?"