बोटभर वाकडा पट्टा

मेहुण्याने पट्टा सरळ करून ठेवला होता. आणि हे नॉर्बर्ट डोम्ब्रोव्स्कीला कळलं कधी, तर व्यांडॉट गावच्या नदीकाठच्या बागेत, जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत, गाडी रांगेत लावून झाल्यावर, परीक्षक यायला जेमतेम पाऊण तास उरलेला असताना.

गाडी सत्तर सालची, जांभळी. लांबलचक नाक, आखूड शेपूट आणि मागच्या चाकावर असा काही फुगवटा, की सत्तरी ओलांडलेले बाप्येसुद्धा तिथवर आले की बोलायचे थांबतात. दारापासून निघून त्या फुगवट्यावरून मागच्या दिव्यापर्यंत जाणारा पांढरा पट्टा. डावीकडचा सरळ. उजवीकडचा मात्र शेवटी बोटभर खाली घसरलेला. कारखान्यात कुणाचा हात हलला असेल, जेवणाची सुटी जवळ आली असेल, देव जाणे. पण नॉर्बर्टचं म्हणणं असं की डावीकडून गाडी नुसती देखणी दिसते, आणि उजवीकडून, त्या बोटभर चुकीमुळे, दबा धरून बसलेल्या मांजरीसारखी दिसते.

तीस वर्षं दर स्पर्धेत तो हे सांगत आला आणि तीस वर्षं नव्याने रंगवून चकचकीत केलेल्या गाड्या बक्षीस पळवत आल्या. यंदा मात्र स्पर्धा भरवणाऱ्या क्लबने नवा वर्ग काढला होता: कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी. या वर्गात कारखान्याची चूक म्हणजे दागिना. ओघळलेला रंग, तिरका बसलेला बिल्ला, सगळ्याला गुण. उलट नंतर कुणी बोट लावलेलं दिसलं की गाडी बाद. त्यात परीक्षक म्हणून येणार होते व्हर्जिल टीग, वय वर्षं चौऱ्याऐंशी, हीच गाडी जिथे बनली त्या कारखान्यात उभी हयात घालवलेले. पट्ट्याची खरी किंमत कळणारा माणूस एकदाचा भेटणार होता. आणि भेटायला हवाच होता, कारण पुढच्या महिन्यात नॉर्बर्टच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. गाडीचा तो दगडासारखा घट्ट क्लच दाबणं त्यानंतर जमणार नव्हतं. गाडी लेकीकडे ॲरिझोनाला जायची होती. यंदा नाही तर कधीच नाही.

आता मेहुण्याचं. एल्मर स्टॅशिकने चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. नॉर्बर्टच्या गॅरेजचं दार अडकलं म्हणून गाडी दोन दिवस एल्मरच्या शेडमध्ये होती, आणि तो वाकडा पट्टा दोन दिवस त्याच्या डोळ्यांपुढे. बिचाऱ्याला बघवेना. वरून पांढऱ्या रंगाची एक पाचर भरली, खालून जांभळ्याची, आणि पट्टा कसा एका रेषेत आणला. जांभळा रंग त्याने नुसत्या नजरेने जुळवला होता आणि तो इतका जुळला होता की शोधूनही सापडू नये. सकाळी उजवी बाजू भिंतीला होती, म्हणून नॉर्बर्टला पत्ता लागला नाही.

"एल्मर, हे काय केलंस तू?"

"आभार मानू नकोस," एल्मर म्हणाला. "गेली कित्येक वर्षं तू तशीच फिरवत होतास. मलाच लाज वाटायची."

नॉर्बर्टने त्याला नवा वर्ग समजावून सांगितला. एल्मरच्या काही ते पचनी पडेना. चुकीला बक्षीस असेल तर आपण चाळीस वर्षं झक मारली का, असं त्याला वाटलं, आणि तसं तो बोललाही. मग नॉर्बर्टने एकच विचारलं, रंग वाळलाय का? एल्मर म्हणाला, काल संध्याकाळी लावलाय, पाट्यांचा रंग आहे, तीन दिवस ओला राहतो.

म्हणजे आशा होती. ओला रंग पुसला तर खालचा कारखान्याचा पक्का रंग तसाच राहणार होता. एल्मरच्या गाडीतून रंग काढायचं थिनर आलं, ते कॉफीच्या पेल्यात ओतलं, जुन्या बनियनच्या चिंध्या झाल्या. रंगाचा सराव एल्मरचा, तेव्हा पुसायचं त्यानेच. पण माणसं काही थांबू देईनात. टोलेडोचं एक जोडपं आलं, त्यांना नेमका मागचा फुगवटाच बघायचा होता. नॉर्बर्टने त्यांना नाकाकडे नेलं, लोखंडी जाळीच्या दोन दातांमधल्या सावलीवर व्याख्यान दिलं, पण आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. ते गेले तर दोन म्हातारे किलबासा सॉसेज खात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, वा, यंदा पट्टा काय छान दिसतोय. नॉर्बर्टने त्यांनाही नाकाकडे पिटाळलं.

टीग चार गाड्यांवर आले. मग तीन. इकडे नव्या रंगाखालून जुनी कड इंचाइंचाने वाकडी उघडी होत होती आणि दर इंचाला एल्मर कण्हत होता. आपल्याच हातचं सुरेख काम आपल्याच हाताने पुसायचं, वर मेहुणा कानाशी "लवकर, लवकर" करतोय. शेवटचा इंच निघाला तेव्हा टीग शेजारच्या गाडीपाशी होते. नॉर्बर्टने चिंधी खिशात कोंबली. पट्टा होता तसा, बोटभर वाकडा. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

नातीच्या खांद्याला धरून टीग आले. गाडीला फेरी घातली, फुगवट्याशी थांबले.

"कधीची बांधणी?"

"एप्रिल सत्तर. दुसरी पाळी."

"दुसरी पाळी," टीग हळूच म्हणाले. "उजवी बाजू. दुसऱ्या पाळीला उजवीकडचा पट्टा मी मारायचो."

नॉर्बर्टला वाटलं, झालं, आलं बक्षीस घरात.

"एकतीस वर्षं," टीग म्हणाले. "एकही वाकडा गेला नाही." त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं, ते ओलं झालं, त्यांनी ते हुंगलं. "थिनर. हे मागाहून कुणीतरी केलंय. बघ गं, सांगत होतो ना तुला? आमच्या हातचं काम असलं नसतं."

नातीने आजोबांकडे पाहिलं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आज खरी निघाली, अशा नजरेने.

नॉर्बर्टच्या काखेत कागदांची फाइल होती. तिच्यात पहिल्याच पानावर गाडी घेतली त्या दिवसाचा फोटो होता, कोरी गाडी, विक्रेत्याच्या फाटकात, आणि पट्टा स्वच्छ वाकडा. नुसतं उघडून दाखवायचं. त्याने फाइलची दोरी सोडलीसुद्धा. मग टीगांच्या त्या ओल्या बोटाकडे पाहिलं. म्हातारा ते बोट अजून तसंच वर धरून उभा होता, खुशीत. नॉर्बर्टने दोरी पुन्हा बांधली. जिवावर आलं होतं, पण बांधली.

"माझ्या मेहुण्याचं काम आहे, मिस्टर टीग. मला न विचारता केलं."

टीगांनी एल्मरला नखशिखांत न्याहाळलं. "कधी ब्रश धरला नव्हतास वाटतं."

एल्मरचं तोंड उघडलं. व्यांडॉटपासून डेट्रॉइटपर्यंत त्याच्या हातची एक तरी पाटी तिरकी असेल तर कुणी दाखवून द्यावी. नॉर्बर्टने दुखऱ्या गुडघ्याचा सगळा जोर लावून त्याच्या पायावर पाय दिला. एल्मरने नॉर्बर्टकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे, मग नातीकडे.

"नाही," तो म्हणाला. "हात हलतो माझा."

टीगांनी वहीत गाडीपुढे फुली मारली. वही नातीकडे दिली, एल्मरला जवळ बोलावलं आणि सरळ रेघ कशी मारायची ते त्याला चांगली दहा मिनिटं शिकवलं. एल्मरने मुकाट्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा तर "अच्छा, कोपर असं टेकवायचं होय," असंही म्हणाला.