पाव्हलॉव्हचा पाव्हणा

उजळणी या विषयात मला कोणी काही शिकवू नये. नेकनूरच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत माझं आयुष्य गेलं ते पोरांकडून उजळणी करून घेण्यात. काल शिकवलेलं आज विचारायचं, आज शिकवलेलं उद्या विचारायचं आणि नाही आलं तर परवा पुन्हा. माझ्या हाताखालून गेलेलं पोरगं झोपेतून उठवा, एकोणतिसाचा पाढा म्हणून परत झोपेल. त्यामुळे मला, म्हणजे या राधाकिशन गुरुजींना, शिकवता येतं की नाही हे बघायला परीक्षा घेणार असं कळलं तेव्हा आधी हसू आलं. मग राग आला. तो अजून उतरलेला नाही.

हुकूमच तसा निघाला. नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची. मुदतीत पास झालात तर नोकरी, नाहीतर घरी बसा. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हे सांगतात. मी जनगणना केली, मतदानाच्या पेट्या वाहिल्या, पोरांची खिचडी चाखली, गावातली शौचालयं मोजली. तेव्हा कोणी विचारलं नाही की गुरुजी, तुम्हाला हे येतं का. जे एकच काम मला येतं, नेमकं त्याचाच पुरावा मागतात.

"दोन महिन्यांत सगळ्या पुस्तकांचा फडशा पाडतो," मी सुनिताला म्हणालो. सुनिता म्हणजे माझी बायको.

"रोज थोडं मागचंबी बघत जावा," ती म्हणाली.

"मागचं बघायला मी काय ढ आहे? उजळणी पोरांसाठी असते. आपल्याला एकदा वाचलं की पुरे."

आणि मी सुटलो. रोज नवं. बालमानसशास्त्र संपवलं, मराठी संपवलं, इंग्रजी चावत चावत संपवलं, गणित तर एका हाताने संपवलं. परिसर अभ्यासाला पोचलो तेव्हा छाती फुगली होती. फक्त एवढंच झालं की इकडून परिसर अभ्यास आत शिरत होता आणि तिकडून बालमानसशास्त्र गुपचूप बाहेर पडत होतं. मला त्याचा पत्ताही नव्हता.

पत्ता लावला पप्पूने. पप्पू माझा विद्यार्थी. सातच्या पाढ्याला तो दर वेळी सात सक्कंला अडकायचा आणि मी त्याला बाकावर उभं करायचो. तोच पप्पू आता बीडमध्ये टीईटीची अकॅडमी चालवतो आणि मी त्याच्याकडे सराव पेपर द्यायला गेलतो, असा दिवस शत्रूवरही येऊ नये. त्याने पेपर तपासला, हात पाठीमागे बांधले, अगदी मी बांधतो तसे, आणि म्हणाला, "सर, मागचं समदं गेलंय. आता नवं बंद. एक भाग नवं आन् तीन भाग उजळणी, असं पायजे होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य माझं आहे, वर्गात रोजचं. माझंच वाक्य मला बाकावर उभं करून ऐकवत होता.

"मानसशास्त्रज्ञांची नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत," मी दातओठ खात म्हणालो.

"मग वळखीच्या माणसाला जोडा, सर. राहत्यात."

परीक्षेला जेमतेम पंधरवडा उरला होता. आता या कथेपुरते तीनच विद्वान लक्षात ठेवा, मलाही तेवढेच जड गेले. पहिला पाव्हलॉव्ह. याने कुत्र्यावर प्रयोग केला. जेवण देताना घंटा वाजवायची. पुढे पुढे नुसती घंटा वाजली, जेवण नसलं तरी कुत्र्याच्या तोंडाला लाळ. दुसरा थॉर्नडाईक. याने मांजर खोक्यात कोंडलं. ते चुकत, धडपडत शेवटी दार उघडतं. तिसरा कोहलर. याच्याकडे सुलतान नावाचा चिंपांझी, जो काठीला काठी जोडून केळी ओढून घेतो.

पप्पूचा राग बाजूला ठेवून मी माणसं जोडली आणि खरं सांगतो, अशी चपखल जोडी आमच्या घराण्यात कोणाच्या लग्नातही जमली नसेल. पाव्हलॉव्ह म्हणजे पाव्हणा. पाव्हणा म्हणजे आमचे व्याही धोंडीराम, कडा गावचे. माझी लेक मोहिनी त्यांची सून. माणूस सोन्यासारखा, दोनशे मेंढरांचा मालक, पण स्वयंपाकघरात बशी वाजली की बोलणं अर्धवट सोडून दाराकडे बघतो. थॉर्नडाईक म्हणजे थोरला. माझा थोरला भाऊ आसाराम तीनदा ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि तीनदा पडला. प्रयत्न आणि प्रमाद यांचं एवढं जिवंत उदाहरण पुस्तकातही नाही. कोहलर म्हणजे कोहळा. कोहळ्यासारखं डोकं आमच्या मुख्याध्यापकांचं आणि त्यांचं नावच सुग्रीव. पुढचं सांगायला नको.

उजळणी मोठ्याने करायची असते. वर्गातली सवय, आवाज चढल्याशिवाय डोकं चालत नाही. त्या रविवारी मी आतल्या खोलीचं दार लावलं, हात पाठीमागे बांधले आणि येरझाऱ्या घालत सुरुवात केली. बाहेर मोहिनीला माहेरी सोडायला धोंडीराम आलेत, त्यांच्या सोबतीला शेजारून आसाराम येऊन बसलाय आणि सुनिता पोह्यांच्या बशा मांडतेय, हे मला कोणी सांगितलं नाही. कारण मीच बजावलं होतं, छत पडलं तरी मला उठवायचं नाही.

"पाव्हणा म्हणजे कोण?" मी खडसावून विचारलं आणि वर्गाच्या सुरात उत्तर दिलं, "पाव्हणा म्हणजे कुत्रा."

बाहेरचं बोलणं थांबलं. मला वाटलं, शेजारचा टीव्ही बंद झाला.

"पाव्हण्याला काय होतं? बशी वाजली की लाळ सुटते. खायला मिळो न मिळो, लाळ सुटतेच. किती वेळा सांगायचं?"

नेमकी तेव्हाच बशी वाजली. मला केवढा आनंद झाला. शास्त्र असं डोळ्यांसमोर कधी घडत नाही. "ऐका, वाजली बशी," मी ओरडलो. "आता बघा पाव्हणा कसा करतो ते."

सुनिताने नंतर सांगितलं, धोंडीरामांचा हात बशीपर्यंत पोचला होता. तो तसाच हवेत राहिला. आसाराम तोंड दाबून हसत होता, कारण त्याची पाळी अजून यायची होती.

"आता थोरला. थोरला म्हणजे मांजर. एकदा आपटतं, दोनदा आपटतं, तीनदा आपटतं, तरी अक्कल येत नाही. चुकून दार उघडलं तर उघडलं."

दार खरंच उघडलं. दारात आसाराम होता.

"राधाकिसन," तो म्हणाला, "भाहीर ये बे."

बाहेर आलो तर सुनिता कपाळाला हात लावून उभी, मोहिनी रडवेली आणि धोंडीराम ओट्यावर जाऊन बसलेले, पाठ घराकडे. पोहे जसेच्या तसे.

"पाव्हणं, अहो ते अभ्यासाचं होतं," मी म्हणालो.

"आमच्या तोंडाला लाळ सुटती, ह्ये कोन्च्या अभ्यासात हाय?"

मी पुस्तक आणून दाखवलं. पाव्हलॉव्ह दाखवला, कुत्र्याचं चित्र दाखवलं. ते चित्र दाखवायला नको होतं. धोंडीरामांनी ते लांब धरून, जवळ धरून पाहिलं. "मला कुत्रं कावून? गावात दुसरं मानूस न्हाई गावलं?"

"नावात पाव्हणा येतो म्हणून."

"मग मला वाघ द्या. पाव्हणा म्हंजी वाघ. त्यात काय बिघडतंय?"

"वाघावर कोणी प्रयोग केलेला नाही."

"का न्हाई केला?"

"केला असता तर तो सांगायला राहिला नसता."

"त्ये मला म्हाईत न्हाई. वाघ न्हाई तर आमी जेवनार न्हाई. आन् सूनबाई, पिशवी भरा. जिथं सासऱ्याला कुत्रं म्हनत्यात तिथं ऱ्हायचं न्हाई."

मोहिनी चार महिन्यांनी माहेरी आली होती. पिशवी अजून उघडलीही नव्हती. व्याही उपाशी उठून गेला तर नेकनूरपासून कड्यापर्यंत काय बोलतील, हे सुनिताने मला कानात सांगितलं आणि दंडाला असा चिमटा घेतला की त्याचा वळ परीक्षेपर्यंत होता. मला संताप असा आला होता की पुस्तक, पाव्हलॉव्ह आणि पप्पू तिन्ही आडात टाकावेत. पण ओट्यावर बसलेला माणूस पोरीचा सासरा. मी पान उलटलं.

"वाघ नाही, पण हा आहे. आफ्रिकेचं जनावर. प्रचंड ताकदीचं. काठी वापरतं."

"काठी तर आमच्याबी हातात असती," ते जरा वळले. "नाव हाय का त्याला काई?"

"सुलतान."

धोंडीरामांनी ते नाव दोनदा तोंडात घोळवलं. चिंपांझी हा शब्द मी गिळला. "सुलतान चालंल," ते म्हणाले आणि पोह्यांकडे बघितलं.

मिटलं असं वाटलं तर आसाराम पुढे आला. "आन् मी मांजर? मी कुत्रं घेतो. कुत्रं इमानदार असतंय, पुढच्या विलेक्शनला सांगाय तरी येतं." मग मांजर उरलं. ते सुग्रीव सरांना गेलं. ते समोर नव्हते, म्हणून त्यांची हरकत आली नाही.

आता हिशेब बघा. पाव्हणा सुलतान, थोरला कुत्रा, कोहळा मांजर. तिन्हीच्या तिन्ही चूक. मी म्हटलं, बोलायला काय जातं, पाव्हणे गेले की आपलं जुनं बरोबर चालू. पण धोंडीराम कच्च्या गुरूचे चेले नव्हते. जाताना म्हणाले, "सर, तुमचा भरवसा न्हाई. मी रोज फोन करून इचारनार."

आणि त्यांनी विचारलं. रोज दिवेलागणीला. माझ्या फोनला मी शाळेच्या घंटेचा आवाज लावलाय. घंटा वाजायची, मी उचलायचो, पलीकडून मेंढरांचा कालवा आणि त्यातून आवाज.

"पाव्हणा म्हंजी?"

"सुलतान."

"दमात म्हना."

"सुलतान."

"थोरला?"

"कुत्रा."

एकदा मी वैतागून फोन उचलला नाही, तर त्यांनी मोहिनीच्या फोनवर केला. माहेरी आलेली पोर दारात उभी राहून म्हणते, "आप्पा, मामंजी इचारतेत, पाव्हणा म्हणजे काय." म्हणालो. काय करणार? बाकी सगळा अभ्यास मी रागारागात एकेकदा वाचला. मराठीचं व्याकरण एकदा, परिसर अभ्यास एकदा. नियमाने, न चुकता, रोजच्या रोज उजळणी झाली ती एवढ्या एकाच गोष्टीची.

परीक्षा बीडला होती. माझ्या मागच्या बाकावर माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, पुढे माझ्यासारखाच एक टक्कल पडलेला गुरुजी, देवाचं नाव घेणारा. बालमानसशास्त्राच्या भागात तो प्रश्न आला. जोड्या लावा: पाव्हलॉव्ह, थॉर्नडाईक, कोहलर. मी मनात हसलो. म्हटलं, याच्यासाठी तर रामायण झालंय. बरोबर जोडी डोळ्यांसमोर होती. गोळा काळा केला, पुढे गेलो आणि तीन प्रश्न पुढे गेल्यावर लक्षात आलं की हाताने पाव्हलॉव्हला सुलतान जोडलेल्या पर्यायाचा गोळा काळा केलाय. शाईचा गोळा. खोडता येत नाही. मी त्या गोळ्याकडे असं बघितलं की पर्यवेक्षक बाई येऊन विचारून गेल्या, काका, बरं वाटत नाही का.

निकाल लागला. पास व्हायला दीडशेत नव्वद लागतात. मला एकोणनव्वद.

एका मार्काने माणसाचा जीव जाईल, पण माझा राग जाणार नाही. पप्पूने फोन करून सांत्वन केलं. "सर, ज्याची उजळणी केली तेच कामाला येतं," म्हणाला. त्याला काय माहीत, तो किती खरं बोलतोय. धोंडीरामांचाही आला.

"सर, आमचा प्रश्न आलता म्हनं?"

"आलता."

"काय लिवलं?"

"सुलतान लिहिलं, पाव्हणं. नापास झालो."

पलीकडे त्यांनी मेंढरांना दटावलं. मग म्हणाले, "मी म्हनत होतो, वाघ पायजे होता."

मुदत अजून संपलेली नाही, पुढच्या वेळी पुन्हा बसायचंय. नवं वाचायला काही उरलेलं नाही, आता सगळी उजळणीच. सुनिताने मधल्या खोलीत टेबल लावून दिलंय आणि मोठ्याने वाचायला बंदी केलीय. काल दिवेलागणीला मी मुकाट्याने पुस्तक घेऊन बसलो होतो. फोनवर शाळेची घंटा वाजली. हात फोनपर्यंत पोचायच्या आत मी ताडकन उभा राहिलो आणि माझं तोंड आपोआप सुटलं, "सुलतान."

फोन गॅसवाल्याचा होता.

सुनिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. हातातली बशी तिने हळूच चौकटीवर वाजवली आणि आत गेली.

पाव्हलॉव्हचा प्रयोग कोणावर, हे आता मला जन्मात कोणी विचारायची गरज नाही.