ठोकळ्याचा निरोप

मुलांनो, डोळे मिटा आणि एक उतरतं अंगण समोर आणा. वाचायला डोळे लागतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा मनातले मिटा. अंगणाच्या वरच्या टोकाला सुतारकामाचं वर्कशॉप आहे. खालच्या टोकाला फाटक आणि फाटकाशेजारी लाकडाच्या भुशाचा ढीग, बसलेल्या म्हशीएवढा. मधोमध फाटकाकडे तोंड करून एक दांडगी पिकअप गाडी उभी आहे. दारं-खिडक्या वाहून वाहून तिचा हौदा पार खरचटला आहे. दिसली? आता तिच्या फुटबोर्डवर एक मुलगी बसवा. घरात तिला खारू म्हणतात. ती एका जागी बसलेली फार वेळ दिसणार नाही, तेव्हा आत्ताच बघून घ्या.

खारूचे बाबा आणि काका सख्खे भाऊ. दोघं सुतार, दोघं हट्टी, आणि दोघांचं बोलणं बंद.

भांडण या गाडीवरूनच झालं. गाडी जागची हलताना पोटाखालून 'ठण्ण' असा आवाज यायचा. हळू चालली की किरकिरायची. बाबा म्हणाले, गिअरबॉक्स गेला, कारण धाकटा गिअर हिसडतो. काका म्हणाला, मागच्या चाकांचा आख गेला, कारण थोरला गाडीत डोंगर भरतो. तिथून बोलणं गाडीवरून स्वभावावर गेलं आणि स्वभावावरून लहानपणावर. शेवटी काका म्हणाला, "मी दुसऱ्या गावी जाऊन माझं माझं बघतो." बाबा म्हणाले, "गाडी घेऊन जा. मशिनं मी ठेवतो." दोघंही हे रागात बोलले होते. पण बोललेलं मागे घ्यायचं तर पुन्हा बोलावं लागतं, आणि बोलणं तर बंद! मग काय, जायचं ठरलं.

खारूला काका जायला नको होता. का, ते मी सांगत बसत नाही. ज्यांना काका आहे त्यांना कळेल.

निघण्याआधी गाडी नीट व्हायला हवी होती. काकाने गाडीखाली शिरून लांब शाफ्ट मुठीत धरला आणि पिळून पाहिला. तो घट्ट राहायला हवा होता. तो पडायला आलेल्या दातासारखा हलला. सांध्याभोवती गंजाची विटकरी भुकटी साचली होती. दुसऱ्या टोकालाही तेच.

तुमचं मनगट फिरवून बघा. हात सरळ असो की वाकडा, पंजा फिरतो. गाडीचंही तसंच असतं. इंजिनाची ताकद ज्या पोलादी दांड्यातून मागच्या चाकांकडे जाते, त्याला शाफ्ट म्हणतात. खड्ड्यात चाकं वर-खाली होतात, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना मनगट दिलेलं असतं. त्यात अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा बसतो. मेकॅनिक त्याला क्रॉस म्हणतात. त्याच्या चार हातांवर चार टोप्या, आणि टोप्यांच्या आत शिवणाच्या सुयांसारख्या बारीक पोलादी सुया. वंगण संपलं की सुया झिजतात आणि मनगट लुळं पडतं.

म्हणजे गिअरबॉक्स धडधाकट होता आणि आखही धडधाकट होता. दोन्ही भाऊ चुकले होते. हे दोघांना कळलं, पण कोण कुणाला सांगणार?

शाफ्ट भलताच जड असतो. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, तेव्हा तो खाली उतरतो. त्यामुळे न बोलणाऱ्या भावांना हे काम मिळून करणं आलं. काका अंगणात गाडीपाशी होता. बाबा वर्कशॉपमध्ये बोल्ट खोलायचे पाने शोधत होते, आणि भुसा ओढणारा पंखा इतका घोंघावत होता की अंगणातलं काही आत ऐकू येईना. मध्ये खारू होती. निरोप तिच्याकडे आले.

"काकाला सांग," बाबा म्हणाले, "शाफ्ट काढायच्या आधी पेन्सिलीने खुणा कर. होता तसाच परत बसला पाहिजे. नाहीतर नेहमीसारखा गोंधळ घालशील म्हणावं."

खारू अंगणात गेली. "काका, बाबा म्हणतात, खुणा कर, म्हणजे छान बसेल."

"त्याला सांग, मला खुणा शिकवू नकोस. मी खुणा करायला लागलो तेव्हा तो स्वतःच्याच बोटावर हातोडी मारत होता."

खारू आत गेली. "बाबा, काका खुणा करतोय. आणि तुमचं बोट सांभाळा म्हणाला."

बाबांनी बोटाकडे पाहिलं. "बोट सांभाळा म्हणाला?"

"हो."

पुढचा पाना बाबांनी जरा हळू ठेवला. खारूला वाटलं, जमतंय. निरोपातले काटे काढून टाकायचे आणि उरलेलं पोचवायचं. बोरातली बी काढावी तसं.

तेवढ्यात बाबांना आठवलं. "आणि हे बघ, त्याला सांग, गाडी उतारावर आहे. हँडब्रेक तर लागतच नाही. नुसत्या गिअरवर उभी आहे. शाफ्ट काढला की गिअरचा चाकांशी संबंध संपला. चाकाखाली ठोकळा लावण्याएवढी अक्कल असेल तर लाव म्हणावं."

खारू निघाली. दारापर्यंत येईतो तिने निरोप तपासला. हा तर नुसता काटाच होता. ठोकळा लावायचा हे काकाला माहीत नसेल? सुतार आहे तो. गावभर वाटता येतील एवढे ठोकळे घरात आहेत. मग यातलं पोचवण्यासारखं काय? तिने अलगद तेवढंच उचललं.

"काका, बाबा म्हणतात, तुला अक्कल आहे."

काका गाडीखालून बाहेर आला. उठून बसला. "असं म्हणाला?"

"जवळजवळ."

काकाने गाडीच्या टायरवरची धूळ हाताने पुसली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "त्याला सांग, आता कौतुक नको. उशीर झाला. माझं मी बघून घेईन म्हणावं."

खारूने आत जाऊन सांगितलं, "काका म्हणतो, काळजी नको."

बाबांनी मान डोलावली. ठोकळा लागला, असं ते समजले. इकडे काका समजत होता की ठोकळा थोरला लावणार, कारण लहानपणापासून प्रत्येक कामात ठोकळा थोरल्यानेच लावला होता. सुतारांच्या त्या अंगणात तऱ्हेतऱ्हेचे ठोकळे होते, आणि चाकाखाली एकही नव्हता.

दोघं दोन बाजूंनी गाडीखाली शिरले. बोल्ट निघाले, शाफ्ट सुटला. एकाने एक टोक, एकाने दुसरं टोक धरून तो बाजूने बाहेर ओढला आणि गाडीकडे पाठ करून दोघं उभे राहिले. पुढच्या चाकापाशी थोडा भुसा साचला होता. गाडी क्षणभर तेवढ्यावर विचार करत थांबली. मग निघाली.

तिने आवाज केला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती ना ठणठणली ना किरकिरली. घरंदाज पाहुण्यासारखी, कुणाला त्रास न देता, ती निरोप घेऊन चालू लागली.

"गाडी," खारू म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. आता त्यांची अडचण लक्षात घ्या. एकाने न सांगता टोक सोडलं असतं, तर शाफ्ट दुसऱ्याच्या पायावर आला असता. आणि सांगायचं तर बोलावं लागणार. दोघं शाफ्ट धरून एकमेकांकडे बघत राहिले. गाडी चालली होती. बाबांचे ओठ हलले. काकाचे हलले. गाडीने खारूच्या आईने वाळत घातलेली चादर आरशावर घेतली आणि पुढे गेली.

"दादा, सोड," काका म्हणाला.

"आधी तू."

"मी सोडला तर तुझा पाय जाईल."

"मग पळ."

आणि दोघं पळाले. शाफ्टसकट. मध्ये पोलादाचा तो दांडा, दोन्ही टोकांना दोन भाऊ, पुढे चादर पांघरलेली गाडी.

फाटकाशी शेजारचे निवृत्त ड्रिल मास्तर उभे होते. आयुष्यभर त्यांनी मैदानावर मुलांना थांबवलं होतं. त्यांनी छाती काढली, हात वर केला आणि म्हणाले, "थांब!" त्याच घटकेला गाडीचं नाक भुशाच्या ढिगात शिरलं, फुस्स झालं, आणि ती थांबली. मास्तरांनी हात खाली घेतला. गाडीने आपली आज्ञा पाळली अशी त्यांची आजही समजूत आहे, आणि ती मोडायला कुणी गेलेलं नाही.

शाफ्ट जमिनीवर ठेवून भाऊ धापा टाकत होते.

"ठोकळा कुठाय?" बाबांनी विचारलं.

"कसला ठोकळा?"

"अक्कल असेल तर ठोकळा लाव, असा निरोप दिला होता मी."

"मला मिळाला तो वेगळाच. मला अक्कल आहे, एवढाच."

"मी असं कशाला म्हणेन?"

दोघं खारूकडे वळले. त्यांचे चेहरे पाहून तिला कळलं की या वेळी काटे काढायला काही उरलेलं नाही. तिने सगळं सांगितलं. बोटाचंही.

बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. ओरडले नाहीत, म्हणून तिला जास्त भीती वाटली. "तू गाडीपुढे उभी असतीस तर?" ते म्हणाले. "निरोप कडू असला तरी पुरा सांगायचा. एक शब्द गाळायचा नाही, एक घालायचा नाही. कळलं?"

"कळलं," खारू म्हणाली.

मग चाकांना इतके ठोकळे लागले की ती गाडी आहे की इमारत, असा प्रश्न पडावा. शाफ्ट वर्कशॉपच्या बाकावरल्या लोखंडी शिकंज्यात आवळून जुने क्रॉस निघाले, नवे बसू लागले. एक टोपी अर्ध्यावर अडली.

"ठोकू नकोस दादा. आत सुई आडवी पडली असेल."

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही, सांगतोय."

टोपी काढली. सुई आडवीच पडली होती. बाबांनी ग्रीस लावून ती उभी केली, आणि टोपी बसली. खुणेला खूण जुळवून शाफ्ट जागी गेला. काकाने गाडी रस्त्यावरून फिरवून आणली. ठण्ण नाही, किरकिर नाही.

पण खारूला ती शांतता आवडली नाही. गाडीचा आवाज थांबला आणि भावांचाही. काम संपलं होतं, बोलायला काही उरलं नव्हतं. काकाने हत्यारांची पेटी हौद्यात ठेवली. स्टिअरिंगवर बसला, इंजिन सुरू केलं.

"बाबाला सांग, निघतो," तो म्हणाला.

खारू वर्कशॉपमध्ये गेली. "काका म्हणतो, निघतो."

बाबा शिकंज्याचा दांडा पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता. "सांग, बरं," ते म्हणाले. मग दांड्याकडेच बघत, स्वतःशी पुटपुटले, "चाललं गाढव. आता मी चुकलो की मला सांगणार कोण."

खारूने सगळे शब्द मनात मोजून घेतले. मग वळली आणि अंगणातून पळत गेली. फुटबोर्डवर चढून तिने खिडकीत डोकं घातलं.

"बाबा म्हणतात, बरं. चाललं गाढव. आता मी चुकलो की मला सांगणार कोण."

काकाने तिच्याकडे रोखून पाहिलं. "यातलं तुझं किती?"

"काहीच नाही."

"गाढव म्हणाला?"

"हो. गाढव आधी, बाकीचं नंतर."

काकाने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. मग घसा खाकरून तो म्हणाला, "जा, दादाला सांग..."

खारू फुटबोर्डवर बसली. पायातली चप्पल काढून तिने त्यातला भुसा झटकायला घेतला, अगदी सावकाश.

"माझे पाय दुखतात," ती म्हणाली. "तूच जा."