बुचाचा लेप आणि तक्रारमुक्त इमारत

आमच्या इमारतीत तक्रार करण्याची पद्धत ठरलेली आहे. दर रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या सभागृहात समितीची बैठक भरते, दार उघडे ठेवले जाते, आणि ज्याला त्रास असेल त्याने जिन्यात उभे राहून तो मोठ्याने सांगायचा. ऐकू आली ती तक्रार. ऐकू आली नाही, तर ती ज्याची त्याची घरगुती बाब. इमारतीचा सचिव या नात्याने मी ही पद्धत वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून सांभाळली आहे.

तक्रार बहुधा एकच असे आणि ती चौथ्या मजल्यावरून येई. तिथे, थेट छपराखाली, शिलाईवाल्या मावशी राहतात. गुडघ्यांमुळे त्या फारशा खाली उतरत नाहीत, पण त्यांच्या आवाजाला गुडघे नाहीत.

"अहो सचिव! डोक्यावर छप्पर दिलंय की तापलेला तवा? मशीनच्या चाकाला हात लावला तर चटका बसतो! शाळा उघडायला आली, गणवेश कधी शिवू मी? पोरं काय उघडी पाठवायची?"

एकदा त्या भोवळ येऊन मशीनवरच पडल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी असा काही आवाज लावला की अध्यक्षांच्या कपातला चहा बशीत आला. त्याच बैठकीत लेपवाल्याला बोलवायचे ठरले.

लेपवाला भला माणूस होता. त्याने बुचाचा एक तुकडा टेबलावर ठेवला. "झाड तोडत नाहीत, नुसती साल काढतात. तिचा चुरा करून, चिकट द्रावणात कालवून भिंतीवर फवारायचा. ऊन बाहेर, पाणी बाहेर, आवाजही बराचसा बाहेर."

"म्हणजे बाटलीला लावतात तेच बूच?" अध्यक्षांनी विचारले. अध्यक्ष निवृत्त अधिकारी आहेत.

"तेच, साहेब. फक्त बाटलीत आपण."

सुरुवात छपरापासून करावी, ऊन तिथेच पडते, असे त्याचे म्हणणे होते. अध्यक्ष हसले. "छप्पर दिसतं कुणाला? पक्ष्यांना. आणि पक्षी काही समितीवर नाहीत."

तेव्हा आधी दर्शनी भिंत झाली. इमारत खरोखरच देखणी दिसू लागली आणि आतल्या खोल्या गार पडल्या. मग बाजूच्या भिंती, कारण दर्शनी भिंत एकटीच नटून उभी असल्यासारखी दिसे. मग जिना, कारण लेपाच्या उद्घाटनाला येणारे पाहुणे तो चढणार नसले तरी पाहणार होते. मग सभागृह, आतून आणि बाहेरून, कारण उष्णतेच्या प्रश्नावर विचार करायला डोके थंड लागते. हा शेवटचा मुद्दा माझा. तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

पुढच्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे दार उघडे ठेवून बसलो. जिना गप्प होता.

"काही ऐकू येतंय?" अध्यक्षांनी विचारले.

"काही नाही."

"म्हणजे मावशींचा त्रास गेला. लेपाचा गुण!"

खजिनदार जरा घुटमळले. "पण छपराला तर अजून लेप लागलेलाच नाही."

"न लावताच गुण आला ना? मग लावला असता तर सगळा वायाच गेला असता."

या युक्तिवादाला तोड नव्हती. त्यानंतरच्या बैठकांतही एक अवाक्षर ऐकू आले नाही, तेव्हा आम्ही इमारत तक्रारमुक्त जाहीर केली आणि तसा फलक प्रवेशद्वारावर लावला. छपरासाठी राखून ठेवलेला माल अध्यक्षांच्या गाडीच्या शेडला वापरला. कोणी शंका काढू नये म्हणून नमूद करतो की शेडलाही छप्परच असते.

त्या आठवड्यात जेवताना बायको म्हणाली, "अहो, मावशींना परत भोवळ आली."

"तक्रार नाही आली."

"ओरडून ओरडून घसा बसलाय त्यांचा!"

"बघ, म्हणजे आता ओरडायचाही त्रास नाही."

तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ताट उचलून आत गेली. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढे कळायला हवे होते की ही बाई बोलते तोवर काळजीचे कारण नसते.

रविवारी सभागृहाचे दार आतून बंद होते. खिडकीच्या काचेतून पाहिले तर मावशी मशीन चालवत होत्या, टेबलावर गणवेशांचा ढीग होता आणि शेजारी बसून माझी बायको बटणे लावत होती. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने मशीन खाली आणले आणि मावशींना खुर्चीसकट, असे नंतर कळले. आम्ही दार बडवले, हाका मारल्या. अध्यक्षांनी तर आपला कार्यालयीन आवाज काढला. आत गणवेशाची एक बाही शिवून झाली. लेपाच्या दर्जाबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता, नियमाप्रमाणे बैठक इमारतीतच भरली पाहिजे, आणि रिकामी खोली एकच होती. चौथ्या मजल्यावरची.

दार उघडताच भट्टीचे झाकण काढावे तशी झळ अंगावर आली. खजिनदारांनी शर्ट काढला. अध्यक्षांनी दोरीवरचा मावशींचा पंचा भिजवून डोक्यावर घेतला. पंखा लावला तर तो उकाडाच अंगावर फेकू लागला. खोटे कशाला बोलू, तिथे मला स्वतःची लाज वाटली. पण घाम इतका होता की ती फार वेळ टिकली नाही. छपराला तातडीने लेप लावण्याचा ठराव आम्ही सगळे खाली बसायच्या आत एकमताने मंजूर केला.

लेपवाला आला. "माल संपला, साहेब. साल एकदा काढली की झाडाला परत नऊ वर्षं द्यावी लागतात."

"आम्हाला इथे नऊ मिनिटं निघत नाहीत!"

"झाड समितीवर नाही ना, साहेब. दुसरीकडून बघतो, पण रांग मोठी आहे. आणि छप्पर सगळ्यांचं, तेव्हा या वेळी सगळ्या रहिवाशांच्या सह्या लागतील."

ठरावाची आनंदवार्ता द्यायला मी सभागृहाच्या खिडकीशी गेलो. मावशींनी काच चार बोटे सरकवली. गार वारा तोंडावर आला.

"घाई नाही हो, सचिव," त्या बसलेल्या घशाने म्हणाल्या. "सगळ्या बाजूंनी विचार करा. सावकाश." आणि काच लावून घेतली.

तेव्हापासून मी सह्यांसाठी दारोदार हिंडतो आहे. सगळी माणसे सज्जन आहेत. कोणी मला टाकून बोलत नाही. दार जेमतेम उघडते, आतली थंड हवा पायांना लागते आणि आपुलकीने विचारले जाते, "छप्पर? आम्हाला तर काही गरम होत नाही." कोणी म्हणते, "एवढा त्रास असता तर ऐकू नसतं का आलं?" एकांनी फलकाकडे बोट दाखवले. दुसऱ्यांनी, माल येणारच असेल तर आधी आमच्या न्हाणीघराचे बघा, असे सुचवले.

वरच्या खोलीत अध्यक्ष पंचा बदलत बसले आहेत, आणि सहीसाठी विचारायचे आता फक्त आपणच राहिला आहात. आपण कितव्या मजल्यावर राहता? खालच्या?

असू द्या मग. दार लावून घ्या, गारवा बाहेर जातोय.