बेल्ट बसेना

निघोज्याच्या कुलदीपनं चाकणच्या कंपनीत उमेदीची सगळी वर्षं इंजिनं जोडण्यात घालवली होती. त्यामुळे धरणावरची जुनी डिझेल बोट विकत घेताना इंजिनाची त्याला काडीचीही काळजी वाटली नाही. रविवारी आकुर्डीच्या सासूबाई, सुभद्राबाई, येणार, त्यांना बोटीतून फिरवायचं त्याच्या मनात होतं आणि नेमका आदल्या संध्याकाळी बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा बेल्ट तुटला. त्यानं सकाळीच नवा आणला. तो काही केल्या बसेना.

"बोटभर आखूडच हाय राव!" घामानं निथळत तो मित्राला, निरंजनला म्हणाला.

काठावरून त्याच्या बायकोनं, तनुजानं, खोक्यावरचं वाचलं. "अहो, नंबर तर बरोबर आहे."

"असू दे बरोबर! पुलीला वाचता येतंय का?"

वरचा बोल्ट ढिला केला, तरी अल्टरनेटर हलेना. पहार घालून रेटला, तर पहार निसटली आणि बोटीपायी बोटांची सालटी निघाली.

"ऑईल लाव भावा," निरंजन म्हणाला. "सटकन बसतोय बघ."

एरवी कुलदीपनं त्याला बोटीतून उतरवलं असतं. आता त्यानं मुकाट्यानं ऑईल लावलं. बेल्ट खरंच सटकन बसला. दोघांनी एकमेकांना मिठी मारली, इंजिन सुरू केलं आणि अशी किंकाळी उठली की काठावरचे बगळे उडाले. बेल्ट नुसताच घसरत होता, पुली ढिम्म.

"पण बसला ना?"

"तू गप बस!"

बेल्ट काढला. तनुजानं तो भांड्याच्या साबणानं धुऊन झुडपावर वाळत घातला. कुलदीप पुली पुसायला पोटावर आडवा झाला, तेव्हा त्याला अल्टरनेटरखालचा बोल्ट दिसला. त्याला सकाळपासून कुणी हातच लावला नव्हता. त्यानं इकडंतिकडं बघत तो गुपचूप ढिला केला. अल्टरनेटर गरीब गाईसारखा सरकला, बेल्ट हातानं बसला आणि कुलदीपनं अल्टरनेटर मागं ताणून दोन्ही बोल्ट आवळले.

"बघ, धुतल्यावर सैल पडला," निरंजन म्हणाला.

"तसंच असंल."

इंजिन धडधडू लागलं. तेवढ्यात रिक्षातून सुभद्राबाई उतरल्या. कुलदीपनं हात पुढं केला. "या मामी, बसा बोटीत!"

"मी? अगं बया, पान्यात न्हाई बसायची मी!" त्यांनी झाडाखाली सतरंजी अंथरून डबा उघडला. "या पाव्हणं, दोन घास खाऊन घ्या. आन् आधी ते इंजिन बंद करा, बोललेलं ऐकू येईना."